पोरं घरातून काय उचलतात आणि ते बदलायचं कसं

‘जेवायच्या आधी हात धू’ असं पोराला दिवसातून तीनदा सांगणारं एक घर. जेवायला बसण्याआधी काही न बोलता स्वतः मोरीवर जाणारं दुसरं घर. वर्षभराने हात धुण्याची सवय दुसऱ्या घरातल्या पोराला लागलेली असते. पहिल्या घरातल्याला लागलेली असते ती ‘हात धू’ म्हणण्याची, आणि धाकट्या भावाला तो ते म्हणतही असतो.

म्हणून मुलांना काय सांगावं याबद्दल हा लेख नाही. घरातल्या मोठ्यांनी स्वतःचं काय बदलावं, कोणत्या क्रमाने, आणि त्यासाठी घरात काय हलवावं लागतं याबद्दल आहे. उदाहरणं जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांतली घेतली आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, पावसाळ्यात कपाशीवर फवारणी चालते. इथल्या पोरांच्या सवयी याच गोष्टींभोवती घडतात.

नक्कल अख्खी होते, निवडून नाही

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीतून खाऊ काढायचा होता. मोठ्या माणसाने आधी काठी वरच्या भोकात खुपसली, जिचा काहीच उपयोग नव्हता, आणि मग खालच्या दारातून खाऊ काढून दाखवला. पेटी पारदर्शक केल्यावर वरची खुपसाखुपस फुकट आहे हे स्पष्ट दिसत होतं. चिंपांझींनी ती सोडून दिली आणि थेट खालून खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र निरुपयोगी भागासकट सगळं जसंच्या तसं केलं.

घरात हेच चालतं. चार वर्षांचं पोर तळहातावर चिमूटभर पीठ घेतं, अंगठ्याने मळतं, दोनदा थापटतं आणि ओठाखाली धरल्यासारखं करतं. तंबाखू म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं, पण विधी पूर्ण पाठ असतो. मूल सवयीतला चांगला भाग वेगळा काढून घेत नाही. बाप पहाटे पाचला उठून शेतात जातो हे चांगलं आणि जाताना बायकोवर खेकसतो हे वाईट, अशी चाळण त्याच्याकडे नसते.

आधी आठवडाभर फक्त नोंद

शंभर पानी वही घ्या. चार रकाने आखा: वेळ, जागा, मी काय केलं, मूल कुठे होतं. दिवसाचे तीनच तुकडे नोंदायचे. उठल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंतचा पहिला, संध्याकाळी घरी आल्यापासून जेवणापर्यंतचा दुसरा, आणि जेवणापासून झोपेपर्यंतचा तिसरा. बाकी दिवस सोडून द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही कोपऱ्यात पडते.

नोंद कृतीची करा, मताची नाही. ‘चिडचिड केली’ असं नको. ‘रिमोट गादीवर आपटला’ असं लिहा. आणि प्रत्येकाने फक्त स्वतःचं लिहायचं. नवऱ्याच्या सवयी बायकोने आणि बायकोच्या नवऱ्याने लिहिल्या की तिसऱ्या दिवशी वहीवरूनच भांडण होतं, आणि पोर तेही बघतं. पहिले दोन दिवस माणूस जरा सांभाळून वागतो, त्यामुळे निर्णय घेताना त्या नोंदी धरू नका.

वहीपेक्षा खरा आरसा म्हणजे पोरांचा खेळ. घर-घर, शाळा-शाळा, दुकान-दुकान खेळताना मूल ‘मोठं माणूस’ होतं तेव्हा दहा मिनिटं लांबून ऐका. बाहुलीला ते कोणत्या सुरात बोलतं? खेळातला बाप घरी आल्यावर पहिल्यांदा काय करतो? साबणाची वडी कानाला लावून ‘हॅलो, हा बोला, नंतर करतो’ असं कोण म्हणतं? मध्ये हसू नका, टोकू नका. संध्याकाळी वहीत उतरवा.

एकच निवडा, आणि सगळ्यात वाईट ती नको

आठवड्यानंतर वहीत दहा-पंधरा गोष्टी निघतील. त्यातली एकच घ्यायची. कसोट्या तीन: ती रोज घडते, मुलासमोर घडते, आणि बदलायला तुम्ही स्वतः तयार आहात. लोक बहुधा सगळ्यात जड गोष्टीपासून सुरुवात करतात, म्हणजे दारू किंवा तंबाखू, आणि दहाव्या दिवशी सगळंच सोडतात. आधी एखादी हलकी सवय बदलून घ्या. मोठी माणसं बदलू शकतात हे मुलाला त्यातून दिसतं, आणि पुढच्या जड कामाला ते उपयोगी पडतं.

नवी सवय जुन्या सवयीला बांधा: ‘चप्पल काढली की फोन दुरडीत’, ‘कुकर गॅसवर चढवला की ओटा पुसायचा’. नुसता ‘फोन कमी वापरायचा’ हा संकल्प चालत नाही, कारण तो कधी सुरू होतो हे ना तुम्हाला कळतं ना पोराला.

किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसात फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते ही ऐकीव गोष्ट विसरलेली बरी. मध्ये एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात केली आणि मध्ये अधिक महिना आला नाही, तर आषाढी एकादशीच्या सुमारास साधारण तेवढेच दिवस भरतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीपासून धरायचा रिवाज आहेच, घराचंही धरायला हरकत नाही.

मोबाईल

मोबाईलची अडचण फक्त वेळेची नाही. पूर्वी बाप पेपर वाचायचा, हिशेबाची वही काढायचा, पत्र लिहायचा, रेडिओवर बाजारभाव ऐकायचा. पोराला प्रत्येक काम वेगळं दिसायचं. आता ही सगळी कामं एकाच काचेत शिरली आहेत. तुम्ही केळीचा भाव बघत असा किंवा रील, बाहेरून चेहरा आणि अंगठा तसाच दिसतो. त्यामुळे पोर ‘बाप काम करतो’ हे शिकत नाही, ‘बाप बघत बसतो’ एवढंच शिकतं.

पहिला उपाय म्हणून तोंडाने सांगा. फोन उचलताना एक वाक्य: ‘वीजबिल भरतो, दोन मिनिटं’, ‘मामाला फोन लावतो’. काम झालं की फोन ठेवताना ‘झालं’ म्हणा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पण याचा एक जोड-फायदा आहे. ‘आता उगाच बघतोय’ हे मोठ्याने म्हणायची वेळ आली की माणूस फोन पुष्कळदा परत ठेवतो.

दुसरा उपाय जागेचा. दाराजवळ, पोराच्या हाताला लागेल अशा उंचीवर दुरडी किंवा स्टीलचा डबा ठेवा आणि चार्जर तिथेच लावा. झोपायच्या खोलीतला चार्जर काढून टाका. गजर लावायला दीड-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा, कारण ‘गजरासाठी लागतो’ या एका सबबीवर फोन उशाशी परत येतो. जेवणाची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांचे फोन दुरडीत. रिंगटोन मोठी ठेवा म्हणजे तातडीचा फोन चुकणार नाही. शेतातल्या मोटारीसाठी किंवा दवाखान्यासाठी उठावं लागलं तर बोलून परत ठेवायचा, ताटावर आणायचा नाही.

गाडी अडते ती पाहुण्यांपाशी आणि आजी-आजोबांपाशी. पोराला भरवताना मोबाईल दाखवायची सवय बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात प्रेमळ माणसाने लावलेली असते. एकदम काढलात तर तीन-चार जेवणं रडारडीत जातील आणि पोर कमी खाईल. धडधाकट मूल तीन-चार दिवस कमी जेवलं तर त्याला काही होत नाही, ते भूक लागली की खातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तितका चांगला, असं आहे.

तंबाखू, मिसरी आणि टपरीवरचा निरोप

मूल तंबाखू खायला लागतं त्याच्या किती तरी आधी ते तंबाखू आणायला लागतं. ‘जा रे, पुडी घेऊन ये, उरलेल्याचं चॉकलेट घे.’ या एका वाक्यात रस्ता, दुकानदार, भाव आणि बक्षीस सगळं शिकवून होतं. म्हणून तंबाखू आज सुटत नसेल, तरी आजपासून करण्यासारखी पहिली पायरी हीच: पोराला पुडी आणायला कधीही पाठवायचं नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीलाही बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

दुसरी पायरी, विधी मुलासमोर नको. डबी खिशात नको, घरात उंच कप्प्यात ठेवा. मळण्याची जागा ओट्यावरून हलवा. हे लपवणं झालं, सोडणं नव्हे, आणि दहा वर्षांवरच्या पोरापासून काही लपत नाही. त्याला सरळ सांगावं: ‘मला लागलीय, सोडायचा प्रयत्न चाललाय, जड जातंय.’ ‘तू मात्र हात लावू नको’ एवढंच म्हणणारा बाप आणि स्वतः झगडताना दिसणारा बाप यांत पोराला फार फरक कळतो.

सोडायला लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफ एका वेळी काही मिनिटंच टिकते. तेवढ्यासाठी त्याच डबीत भाजलेली बडीशेप, ओवा किंवा लवंग ठेवा, कारण हाताला डबी उघडायची सवय असते ती लगेच जात नाही. सुपारीवर मात्र जाऊ नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तोंड उघडणं कमी होण्याचा आजार तिच्यामुळेच होतो. सरकारची मोफत मदत १८००-११-२३५६ या क्रमांकावर मिळते.

मिसरीकडे मात्र कोणी सवय म्हणून बघतच नाही, ती ‘दात घासणं’ समजली जाते. तवा तापवून तंबाखू जाळायची, कुटायची, बोटावर घेऊन अर्धा तास दारात बसायचं. आजीच्या मांडीवरची नात बोट पुढे करते आणि आजी कौतुकाने त्यावर मिसरीची टिकली लावते. हे पहिल्या दिवशीच थांबवा. आजीची मिसरी महिन्याभरात सुटेल ना सुटेल, पण नातीच्या तोंडात बोट जाणार नाही एवढं तिच्याकडून नक्की कबूल करून घेता येतं. त्याच वेळी आजीच्या शेजारी बसून ब्रश करायचा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्याने फिरवायचा, कारण मागच्या दाढा त्याला नीट घासता येत नाहीत.

ताटात

‘आज परत गिलके?’ असं बापाने म्हटलं की पुढची दोन वर्षं गिलक्याची भाजी पोराच्या ताटात जात नाही. दोन ते सहा या वयात मुलं नवीन चवीला तशीही बिचकतात, एखादी भाजी आवडायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतात, तोही पोराच्या देखत, आणि मग पोर तो शिक्का सांभाळतं.

करायचं असं: नको असलेली भाजी एक मोठा चमचाभर, रोजच्या आवडत्या पदार्थाशेजारी. आधी मोठ्याने खायची, कौतुक न करता. ‘बघ किती छान आहे’ असं म्हटलं की पोराला संशय येतो. खाल्लं तर शाबासकी नाही, टाकलं तर रागावणं नाही. ‘भाजी संपव मग आइस्क्रीम’ हा सौदा तर अजिबात नको, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस एवढंच पक्कं होतं. तीन-चार दिवसांनी तीच भाजी पुन्हा. भरताची वांगी भाजायला, सोलायला आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायला पोराला बसवलं तर ते चव घेतंच. हाताने केलेलं खाऊन बघायचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही.

मिठाचं बघा. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, बिबडे, लोणचं, ठेचा, शेव सगळं आलं. आपल्याकडच्या ताटात एवढं मीठ डावी बाजूच भरून काढते. त्यामुळे वरून घ्यायचं मीठ जेवणाच्या जागेवरून उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा. बाप उठून घ्यायला कंटाळतो आणि पोराला ‘वरून मीठ’ हा प्रकार दिसतच नाही.

सकाळचा चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट हा मुलांचा नाश्ता झालाय. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून मोठ्यांनीसुद्धा चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवावं. पोराचा चहा बंद करायचा तर मोठ्यांनी निदान पोर शाळेत जाईपर्यंत स्वतःचा पुढे ढकलावा. त्याच्यासमोर कप ओठाला लावून त्याला दूध देणं म्हणजे रोजचं भांडण.

पाणी आणि हात

पाण्याची टंचाई असलेल्या घरात हात धुणं हीच पहिली कापली जाणारी गोष्ट. खरं तर अर्धा लिटर पाण्यात दोघांचे हात धुऊन होतात. हात भिजवा, तांब्या खाली ठेवा किंवा नळ बंद करा, साबणाने निदान २० सेकंद चोळा, बोटांच्या बेचक्या आणि नखं धरून, मग एकदाच खळाळा. साबण पोराच्या छातीच्या उंचीला टांगा. जुन्या ओढणीची छोटी जाळीदार पिशवी केली की वडी निसटून मोरीत विरघळत नाही. साबण वर शेल्फावर असला की पोर नुसतं पाणी लावून येतं, मग आपण ओरडतो. दोष उंचीचा असतो.

माठातून पाणी दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचं. पेला बुडवणारा घरात एक जरी मोठा माणूस असला तरी ओगराळं आठवड्यात खिळ्यावर लटकून राहतं.

राग आणि शिव्या

अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. काही मुलांनी एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीने मारताना, लाथा घालताना बघितलं. नंतर चिडवून एकटं सोडल्यावर त्या मुलांनी तेच फटके, तेच शब्द वापरले, शांत माणूस बघितलेल्या मुलांपेक्षा किती तरी जास्त.

राग येऊच नये असं सांगणं फुकट आहे. पोराला राग उतरवायची रीत दिसली पाहिजे. एक वाक्य ठरवून ठेवा, रागात नवीन वाक्य सुचत नाही: ‘मला राग आलाय. दहा मिनिटं ओट्यावर बसतो, मग बोलू.’ आणि दहा मिनिटांनी खरंच परत यायचं. बहुतेक जण जातात, पण परत येऊन बोलत नाहीत. मग पोर रुसून निघून जाणं तेवढं शिकतं. नवरा-बायकोचं भांडण पोरासमोर झालं असेल तर मिटवामिटवही पोरासमोर करा. भांडण दिवाणखान्यात आणि समेट बंद दाराआड झाला की पोराच्या हिशेबात ते भांडण चालूच असतं.

शिवी लाडाने दिली तरी शिवीच. दोन वर्षांच्या पोराने शिवी दिल्यावर ओट्यावरचे चार जण खदखदून हसतात आणि ‘परत म्हण’ म्हणतात. पाचव्या वर्षी शाळेत त्याच शब्दावरून मार बसतो. उपाय सपाट चेहरा. हसू नाही, ओरडणं नाही, ‘अय्यो’ नाही. ‘आपण असं म्हणत नाही, ‘मला दे’ असं म्हण’ एवढं सांगून पुढचं काम. पहिल्या आठवड्यात पोर तो शब्द जास्तच वापरेल, पूर्वीचं हसू परत मिळतं का ते तपासायला. तिथे घरातल्या एकानेही हसून दाद दिली तर सुरुवातीपासून.

सांगितलं ते केलं का

‘सांग त्याले, पप्पा घर नहीत.’ उधारीवाला दारात असतो, पप्पा पंख्याखाली असतात आणि सहा वर्षांचं पोर दोघांच्या मध्ये उभं असतं. पोराच्या तोंडून खोटं वदवण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. त्याऐवजी पोराला पाठवूच नका. स्वतः जाऊन ‘सोमवारी देतो’ म्हणा आणि सोमवारी द्या.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २०१३ मध्ये २८ लहान मुलांवर प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे लागू पडतो. आधी मुलांना चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांना ‘नाहीत’ सांगितलं. मग समोर एक गोळी ठेवली: पंधरा मिनिटं थांबलात तर दोन मिळतील. ज्यांना आधीचा शब्द पाळून दाखवला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती तीन. ‘आमच्या पोराला धीरच नाही’ म्हणणाऱ्या घरांनी आधी आपल्या कबुल्या मोजाव्यात. ‘बाजाराच्या दिवशी आणतो’, ‘रविवारी नेतो’ असली आश्वासनं आठवडाभर वहीत लिहा आणि पाळलेल्यांवर खूण करा. निम्म्याहून कमी निघाली तर आश्वासनं कमी द्या.

गाडीवर आणि शेतात

जळगाव-धुळ्याच्या महामार्गावर पोलीस दिसला की टाकीवरचं हेल्मेट डोक्यावर येतं आणि चौक ओलांडला की परत टाकीवर. मागे बसलेलं पोर यातून शिकतं ते एवढंच की हेल्मेट पोलिसासाठी असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि त्याखालच्या मुलाला पट्ट्याने चालकाशी बांधायचं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा २०२२ चा नियम आहे. पोराचं हेल्मेट घेताना भुवयांच्या वरून टेपने डोक्याचा घेर मोजा, आयएसआय खूण बघा, पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. मोठं घेऊ नका, ‘पुढच्या वर्षीही होईल’ हा हिशेब स्वेटरचा आहे. किल्ली आणि हेल्मेट एकाच खिळ्यावर टांगा, गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत जायचं तरी. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती किल्ली दिलीत आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, हे पालकाच्या आणि गाडीमालकाच्या माथी येतं.

फवारणीतली एक सवय फार घातक आहे: नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणं. बघणारं दहा वर्षांचं पोर पुढच्या वेळी मदत म्हणून तेच करतं. पंपाला दोरीने जुना टूथब्रश बांधून ठेवा, म्हणजे तोंडाकडे हात जाणार नाही. औषध मिसळताना पोर शेतात नको, बांधावरही नको. बाटलीवरचा त्रिकोण पोराला आणि स्वतःला वाचायला शिकवा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषारीच असतो. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओता, बाटलीला भोकं पाडा, म्हणजे तिच्यात तेल किंवा पाणी भरायचा मोह कोणाला होणार नाही. फवारणीच्या हाताने तंबाखू किंवा भाकरी नको, आंघोळ झाल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे. पोराला घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या आणि बाहुल्या बारीक दिसल्या तर १०८ ला फोन, आणि दवाखान्यात जाताना औषधाचं लेबल सोबत.

ताट कोण उचलतं

मुलगी आठ वर्षांची झाली की तिला ताटं उचलायला सांगतात, दहा वर्षांचा भाऊ हात धुऊन उठतो. हे कोणी शिकवलेलं नसतं, बाप उठताना दिसतो तेवढं पुरतं. त्यामुळे सुरुवात बापाने करायची: स्वतःचं ताट स्वतः उचलून खरकटं काढून घासायच्या जागी ठेवायचं, कोणाला काही न सांगता. दहा-बारा दिवस भाष्य नको. मग पोराला फक्त ‘तुझं पण’ म्हणायचं. अडचण पाहुणे आल्यावर येते. पंगतीत बापाने ताट उचललं की आत्या म्हणते, ‘राहू दे भाऊ, पोरगी आहे ना.’ त्या वेळी हसून ताट नेता आलं तरच पोराला ही गोष्ट खरी वाटते.

आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर, असं दृश्य अजून गावोगाव दिसतं. पैशांचा डाव पोरांसमोर मांडायचा नसेल तर चिंचोके लावून खेळा. डाव रंगतो तेवढाच.

बाकी थोडक्यात

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. सातची शाळा असेल तर नऊला दिवे मालवायला हवेत, मोठ्यांच्या खोलीतल्या टीव्हीसकट. पैसे स्कॅन करून दिले की पोराला ते जाताना दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी किराणा नोटांनी घ्या आणि सुटे पोराकडून मोजून घ्या.

अहिराणीचं, म्हणजे इकडच्या घरच्या बोलीचं, जरा वेगळं आहे. नवरा-बायको आपसात अहिराणी बोलतात आणि पोराकडे वळून ‘शुद्ध’ मराठीत. पोराला अहिराणी कळते पण तोंडात बसत नाही, आणि घरच्यांनी ती आपल्यासाठी ठेवलेली नाही हेही त्याला कळतं. एक माणूस ठरवा, आजी सगळ्यात बरी, जी पोराशी अहिराणीच बोलेल. पोराने मराठीत उत्तर दिलं तरी आपली भाषा बदलायची नाही आणि पोराच्या उच्चारांवर हसायचं नाही.

घरात मेळ बसत नसेल तर

आई एक सांगते, बाप दुसरं, आजी तिसरं. सगळ्यांनी सगळं एकसारखं करावं हा आग्रह सोडा, भांडण वाढतं. एकच गोष्ट, एकच जागा, एकच वेळ यावर एकमत करा. आजीला काढून घेऊ नका, तिला काम द्या: ‘आई, सकाळचं दूध तुम्हीच द्या त्याला, तुमच्या हातून तो पितो.’ ज्या घरात आजीकडून चहा काढून घेतला जातो पण त्या जागी काही दिलं जात नाही, तिथे पोराला चहा गुपचूप मिळतो.

अकरा-बारा वर्षांनंतर पोर तुम्हालाच पकडायला लागतं: ‘तुम्ही नाही का बघत मोबाईल?’ त्या क्षणी ‘मोठ्यांना उलट बोलतोस?’ म्हणालात की काम संपलं. ‘खरं आहे’ म्हणा, फोन दुरडीत ठेवा. दुरडीची राखण त्याच्याकडेच द्या. या वयाला मोठ्यांवर नियम लावायला फार आवडतं.

काही गोष्टी वहीने आणि दुरडीने सुटणाऱ्या नसतात. घरात मारहाण होत असेल, दारूने रोजचं जगणं मोडलं असेल किंवा पोर स्वतः गुटखा खात असेल आणि त्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तर वाट बघू नका. मुलांसाठी १०९८, बाईसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत आणि दिवसरात्र चालतात. तोंड उघडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात त्याच आठवड्यात दाखवा.